खर्च कोणाच्या नावावर?

विमान अपघातांविषयी वाचताना मी अपघाताच्या वर्णनापाशी फारसा रेंगाळत नाही. आगीचे, अवशेषांचे आणि शेवटच्या मिनिटांचे तपशील वृत्तपत्रे भरपूर देतात, आणि वाचून मन खिन्न होण्यापलीकडे त्यातून फारसे काही हाती लागत नाही. मला अडकवून ठेवतात ते अपघाताच्या आधीचे कागद. ज्या अपघातांचे मूळ विमानाच्या आराखड्यात असते, त्यांच्या फायलींत कधी कधी एखादे टिपण असे सापडते की ज्यात कोणीतरी, पुढे नेमके काय होणार आहे, ते साध्या सरळ भाषेत आधीच लिहून ठेवलेले असते.

माझ्या वाचनातला असा सर्वांत बोलका कागद २७ जून १९७२ चा आहे. सॅन दिएगोच्या कॉन्व्हेअर कंपनीत डॅन अ‍ॅपलगेट हे वरिष्ठ अभियंते होते. मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या डीसी-१० या तीन इंजिनांच्या रुंद विमानाचे धड आणि त्याचे कार्गोचे दरवाजे कॉन्व्हेअर उपकंत्राटावर बनवून देत असे. अ‍ॅपलगेट यांनी आपल्या वरिष्ठांना कळवले की पुढच्या वीस वर्षांत डीसी-१० चे कार्गोचे दरवाजे हवेत उघडणे अटळ दिसते, आणि तसे झाले म्हणजे बहुतेक वेळा विमानच गमवावे लागेल. वीस वर्षे कशाला, जेमतेम वीस महिने लागले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लंडनला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चा मागचा कार्गो दरवाजा उडाला, आणि दीड मिनिटाच्या आत ते विमान एर्मनॉनव्हिलच्या जंगलात कोसळले. ३४६ माणसे होती. एकही वाचले नाही.

हे सगळे कसे घडले ते समजून घ्यायचे तर आधी बाजार पाहावा लागतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन एअरलाइन्सला जंबोपेक्षा लहान, पण तसेच रुंद विमान हवे होते. त्या मागणीवर दोन कंपन्या तुटून पडल्या: लॉकहीड आणि डग्लस. डग्लसची आर्थिक अवस्था इतकी बिकट झाली होती की १९६७ मध्ये मॅकडॉनेलने तिला पोटात घेतले. दोन्ही कंपन्यांनी जवळजवळ एकाच आकाराचे, एकाच पल्ल्याचे, तीन इंजिनांचे विमान बनवायला घेतले, आणि दोघींचे पोट भरेल एवढे गिऱ्हाईक जगात नव्हते. अशा शर्यतीत पहिला येणाराच काय तो तरणार, म्हणून तारखेला विलक्षण किंमत आली. डीसी-१० ने पहिले उड्डाण केले २९ ऑगस्ट १९७० रोजी. लॉकहीडच्या ट्रायस्टारने त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला. पुढे ट्रायस्टारची इंजिने बनवणारी रोल्स-रॉइस फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि लॉकहीड आणखी मागे पडली. डीसी-१० ऑगस्ट १९७१ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागले होते.

आता दरवाजा. विमानाचा प्रवासी दरवाजा सहसा आतून चौकटीवर बसतो. वर गेल्यावर केबिनमधली दाबाची हवा त्याला चौकटीत आणखी घट्ट रोवते, त्यामुळे तो उघडायचा म्हटले तरी उघडत नाही. कार्गोचा दरवाजा असा केला तर तो आत उघडताना सामानाची जागा खातो, आणि सामानाची जागा म्हणजे पैसा. म्हणून डीसी-१० चा दरवाजा बाहेर उघडणारा केला गेला. असा दरवाजा दाबाच्या विरुद्ध धरून ठेवायचे काम सर्वस्वी त्याच्या आकड्यांवर, म्हणजे चौकटीला अडकणाऱ्या हुकांवर, येऊन पडते. हे आकडे बसवायला सुरुवातीला हायड्रॉलिक यंत्रणा योजली होती. अमेरिकन एअरलाइन्सने विजेच्या मोटरीवर चालणारी मागितली, कारण ती हलकी होती आणि तिच्या देखभालीचा व्याप कमी होता. वाचणारे वजन दर दरवाजामागे बारा-तेरा किलो.

या मागणीत गैर काहीच नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. विमानाच्या आराखड्यात किलो-किलोचा हिशेब ठेवणे हा लोभ नसून तोच त्या विद्येचा प्राण आहे. वजनाची कंजुषी केली नसती तर विमानप्रवास अजूनही राजेरजवाड्यांपुरताच राहिला असता. प्रश्न बदलाचा नव्हताच. प्रश्न होता, बदल केल्यावर काय काय बदलते ते कोणी शेवटपर्यंत तपासले का, याचा. हायड्रॉलिक आकडा नीट बसला नसेल तर विमान थोडे वर जाताच, दाब कमी असतानाच तो सरकतो, दरवाजा किलकिला होतो, हवा निसटते आणि वैमानिकाला वेळीच कळते. विजेच्या मोटरीचा आकडा अर्धवट बसला तरी जागचा हलत नाही. दाब कैक टनांचा होईपर्यंत तग धरतो, आणि मग एकाएकी सुटतो. त्या वेळी खालच्या कप्प्यातली हवा क्षणात बाहेर पडते, वरच्या केबिनमधली हवा तशीच दाबाखाली राहते आणि दोहोंमधली केबिनची जमीन खाली खचते. शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा त्याच जमिनीखालून गेलेल्या होत्या.

हे काही कोणाला सुचलेच नव्हते अशातला भाग नाही. मे १९७० मध्ये, पहिल्या उड्डाणाच्याही आधी, जमिनीवरच्या दाबाच्या चाचणीत दरवाजा उडाला होता आणि केबिनची जमीन खचली होती. त्यावर उपाय म्हणून दरवाजाला एक छोटी झडप बसवली, जी कडी नीट लागल्याशिवाय मिटू नये अशी कल्पना होती. पण कडीच्या मधल्या दांड्या नाजूक होत्या. बाहेरची मूठ जोर लावून दाबली तर त्या वाकत, मूठ बसे, झडप मिटे, कॉकपिटमधला दिवा विझे, आणि आकडे मात्र अर्धवटच राहत.

१२ जून १९७२ रोजी हे प्रत्यक्षात घडले. अमेरिकन एअरलाइन्सचे विमान डेट्रॉइटहून बफेलोकडे निघाले असता कॅनडातल्या विंडसर शहरावर त्याचा मागचा दरवाजा उडाला, जमीन अंशतः खचली, काही तारा तुटल्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या तर केवळ इंजिनांच्या जोरावर विमान कसे सांभाळायचे, याचा सराव सिम्युलेटरवर आधीच करून पाहिला होता. विमानात ६७ जण होते. सगळे सुखरूप उतरले. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने लगेच शिफारस केली की कडी सुधारा आणि दाब समान व्हावा म्हणून जमिनीला झरोके ठेवा. हवाई सुरक्षेचे नियमन करणाऱ्या एफएएच्या पश्चिम विभागाने सक्तीच्या आदेशाची तयारीही केली होती. परंतु त्याच आठवड्यात एफएएचे प्रमुख जॉन शेफर आणि डग्लसचे अध्यक्ष जॅक्सन मॅकगोवेन यांच्यात फोनवर बोलणे झाले आणि आदेशाऐवजी कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना सूचनापत्रके पाठवायची, असे ठरले. सक्तीचा आदेश निघाला असता तर वर्तमानपत्रांत आला असता, आणि ट्रायस्टार विकणाऱ्यांच्या हातात आयते कोलीत मिळाले असते.

अ‍ॅपलगेट यांचे टिपण यानंतर पंधरवड्याने लिहिलेले आहे. त्याला मिळालेले उत्तर मला टिपणाइतकेच महत्त्वाचे वाटते. वरिष्ठांनी अ‍ॅपलगेट यांचे म्हणणे खोडून काढले नाही. त्यांच्या तांत्रिक निष्कर्षाशी त्यांचा फारसा वाद नव्हताच. त्यांची अडचण निराळी होती. हा विषय आपण डग्लसकडे काढला तर दोष आपण पत्करला असे डग्लस समजेल, आणि दुरुस्तीचा खर्च कॉन्व्हेअरच्या गळ्यात पडेल. करारानुसार कॉन्व्हेअरला परस्पर एफएएकडे जाण्याचीही मोकळीक नव्हती. बैठक झाली, आणि टिपण पुढे पाठवायचे नाही असे ठरले. दरवाजा उडेल का, हा प्रश्न होता. तो बाजूला सरून, उडू नये म्हणून जो खर्च येईल तो कोणाच्या नावावर पडेल, हा प्रश्न पुढे आला. दुसऱ्याचे उत्तर मिळेना, म्हणून पहिला तसाच पडून राहिला.

या ठिकाणी मला माझी नोकरी आठवते. भोसरीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात मी बरीच वर्षे काढली. आमचा माल विमानांत जात नसे. पंपांची बॉडी, फ्लँज असले साधे भाग आम्ही करत असू. मंथ-एंडला संध्याकाळी ट्रक गेटवर उभा असायचा आणि एखाद्या लॉटचे भोक मापाच्या किंचित बाहेर निघायचे. मग डिस्पॅचचा माणूस ‘डेव्हिएशन घ्या’, म्हणजे मापात सूट द्या, म्हणून छापील फॉर्म घेऊन यायचा. खराब माल जाऊ द्या, असे मला तिथे कधीही कोणी सांगितले नाही, आणि ही गोष्ट मी फार गांभीर्याने लिहितो आहे. टेबलाभोवती जो वाद रंगायचा तो रिजेक्शन कोणाच्या खात्यावर टाकायचे याचा असायचा: मशीन शॉपच्या, की कास्टिंग देणाऱ्या व्हेंडरच्या. तासाभराने वाद मिटायचा तेव्हा फॉर्मवर चार सह्या असायच्या आणि भोक मोजणाऱ्या बोअर गेजने दाखवलेले माप कोणालाच आठवत नसायचे. अ‍ॅपलगेट यांच्या टिपणाचे उत्तर वाचल्यावर त्या खोलीत कोण काय बोलले असेल, याचा अंदाज मला सहज बांधता आला.

पॅरिसला पडलेले विमान डग्लसच्या कारखान्यातले एकोणतिसावे होते. ते १९७२ च्या डिसेंबरात टर्किश एअरलाइन्सला मिळाले, म्हणजे विंडसरनंतर सहा महिन्यांनी. दांड्या वाकू नयेत म्हणून सूचनापत्रकात सांगितलेली आधारपट्टी त्याच्या दरवाजाला बसवली, असे कारखान्याच्या नोंदीत होते आणि त्यावर तपासनिसांचे शिक्केही होते. दरवाजा अवशेषांत सापडला, तेव्हा त्याच्यावर पट्टी नव्हती.

दुसरी सुधारणा मात्र झालेली होती. दरवाजाला एक इंचभर व्यासाची काचेची खिडकी बसवली होती, जिच्यातून कडीच्या खुंट्या आत गेल्या की नाही ते दिसावे. ऑर्ली विमानतळावर हा दरवाजा ज्या लोडरने बंद केला, त्याला अरबी आणि फ्रेंच वाचता येत असे. दरवाजावरची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होती. त्याने शिकवल्याप्रमाणे बटण दाबून धरले, मूठ खाली ओढली, मूठ विनासायास बसली, झडप मिटली. ती खिडकी कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि तिच्यातून पाहायचे काम ज्यांचे होते त्यांच्यापैकी त्या दिवशी कोणी पाहिले नाही. अपघातानंतर पहिले बोट याच माणसाकडे दाखवले गेले.

आराखड्यात राहिलेली उणीव कोठे जाऊन साठते, हे मला या लोडरपाशी दिसते. कडी मुळातून बदलणे महाग होते, जमिनीला झरोके पाडणे त्याहून महाग. एक सूचनापाटी आणि इंचभर काच हे सर्वांत स्वस्त. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय निवडला गेला, आणि त्याबरोबर तीनशेहून अधिक माणसांच्या जिवाची जबाबदारी साखळीच्या शेवटच्या टोकाला, सर्वांत कमी पगाराच्या आणि सर्वांत कमी माहिती दिलेल्या माणसाच्या हातात सरकवली गेली. पुढे झरोकेही झाले, जमिनीही मजबूत झाल्या, केवळ डीसी-१० च्या नव्हे तर इतर रुंद विमानांच्याही. म्हणजे जे महाग म्हणून टाळले होते ते अशक्य नव्हते.

डग्लस वाईट आणि लॉकहीड चांगली, अशी सोयीची मांडणी मात्र करता येत नाही. ट्रायस्टार हे अनेकांच्या मते अधिक काळजीपूर्वक बनवलेले विमान. त्याला चार हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, डीसी-१० ला तीन. पण तेच ट्रायस्टार जपानमध्ये खपवण्यासाठी लॉकहीडने लाच चारल्याचे १९७६ मध्ये उघड झाले आणि माजी पंतप्रधान तानाका यांना अटक झाली. ट्रायस्टार अवघी २५० तयार झाली, लॉकहीडने प्रवासी विमाने बनवणेच सोडले, आणि मॅकडॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोईंगमध्ये विलीन झाली. शर्यत दोघांनाही महागात पडली.

त्यानंतर निघालेल्या बोईंगच्या ७३७ मॅक्सची कथा आपल्याकडे जास्त परिचित आहे, म्हणून तिचा सगळा पट उलगडत बसत नाही. पण तिच्या मुळाशीही लोडरच आहे, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९६७ मध्ये पहिले ७३७ उडाले तेव्हा ते मुद्दाम जमिनीला लागून, बुटके केले होते, की लहान विमानतळांवर शिडी-यंत्रांशिवाय सामान हातांनी चढवता यावे. त्या काळी ती मोठी अक्कलहुशारी होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एअरबसने ए३२० ला नवी, जाड आणि काटकसरी इंजिने लावली. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ४६० विमानांची मागणी नोंदवली आणि त्यांतली २६० एअरबसला दिली. दशकभराहून अधिक काळ केवळ बोईंग घेणारे गिऱ्हाईक हातचे जाताना पाहून बोईंगने नवे विमान बनवण्याचा विचार सोडला आणि पुढच्याच महिन्यात जुन्या ७३७ ला नवी इंजिने बसवायचे जाहीर केले. बुटक्या विमानाच्या पंखाखाली ती मावेनात, म्हणून ती पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे काही प्रसंगी नाक वर जाण्याची प्रवृत्ती वाढली. आणि ती दाबायला एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा आली, जी एकाच संवेदकाच्या सांगण्यावरून शेपटीचा पंख फिरवत असे.

इथेही खर्चाच्या खात्याचा प्रश्न होताच, फक्त अधिक सुबकपणे लिहिलेला. नव्या विमानासाठी वैमानिकांना सिम्युलेटरचे प्रशिक्षण लागले, तर साउथवेस्ट एअरलाइन्सला दर विमानामागे दहा लाख डॉलर सूट द्यायची, असे बोईंगने करारात मान्य केले होते. एकदा असे कलम कागदावर आले, की एमकॅसविषयी वैमानिकांना किती सांगायचे हा प्रश्न निव्वळ तांत्रिक उरतच नाही. त्याच्या प्रत्येक उत्तराला किंमत चिकटते. वैमानिकांच्या हस्तपुस्तिकेत एमकॅसचा उल्लेखच ठेवला गेला नाही. चाचण्यांदरम्यान त्याची ताकद वाढवली गेली, एका वेळी शेपटीचा पंख ०.६ अंशांऐवजी २.५ अंश फिरू लागला, आणि यंत्रणा बिघडली तर वैमानिक काही सेकंदांत ओळखून उपाय करील, असे गृहीत धरले गेले. जिचे नावही सांगितलेले नाही ती यंत्रणा ओळखायची होती.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेले लायन एअरचे विमान समुद्रात पडले. १८९ माणसे गेली. त्याचा कॅप्टन दिल्लीचा तरुण होता. १० मार्च २०१९ रोजी आदिस अबाबाजवळ इथिओपियन एअरलाइन्सचे विमान पडले, १५७ गेली. दोन्ही मिळून पुन्हा ३४६, अगदी पॅरिसइतकीच. आकड्यांच्या योगायोगावर माझा विश्वास नाही, पण पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा ती मी पुन्हा करून पाहिली होती. लायन एअरनेच आधी सिम्युलेटरच्या प्रशिक्षणाची विचारणा केली होती आणि बोईंगच्या लोकांनी तिला त्यापासून परावृत्त केले होते, हे जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत संदेशांतून दिसले. त्याच संदेशांत आपल्याकडे विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएविषयीही हेटाळणीचे शब्द होते. ते वाचून आपल्याकडे दोन दिवस संताप झाला. माझ्या मते संतापापेक्षा विचार करण्याजोगी गोष्ट अशी की ज्या संस्थेला जास्त प्रश्न विचारावेसे वाटले, ती विकणाऱ्याच्या लेखी मूर्ख ठरली.

दुसऱ्या अपघातानंतर बोईंगचे तेव्हाचे प्रमुख डेनिस म्युलेनबर्ग एप्रिल २०१९ मध्ये म्हणाले की ठरवून दिलेली कार्यपद्धती काही बाबतींत पूर्णपणे पाळली गेली नव्हती. ऑर्लीचा लोडर आणि हे वैमानिक यांच्यात हुद्द्याचे, शिक्षणाचे, पगाराचे केवढे अंतर! बोट मात्र त्याच दिशेने वळले.

मॅक्स वीस महिने जमिनीवर राहून, एमकॅस दोन संवेदकांवर आणून आणि सिम्युलेटरचे प्रशिक्षण सक्तीचे करून पुन्हा उडू लागले. मुंबईच्या आकासा एअरकडे सगळी मॅक्सच आहेत. मी त्यांतून निर्धास्तपणे प्रवास करतो, कारण आज जगात इतके तपासले गेलेले नियंत्रण-सॉफ्टवेअर दुसरे क्वचितच असेल. धास्ती वाटते ती दुसऱ्याच जागची, आणि तिलाही कारण मॅक्सनेच दिले. ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या जवळजवळ कोऱ्या विमानाच्या बाजूचा, दरवाजाची जागा बुजवणारा तावदानासारखा भाग सोळा हजार फुटांच्या आसपास निखळून गेला. लगतच्या दोन जागा रिकाम्या होत्या. १७७ जणांपैकी कोणी दगावले नाही. तपासात निघाले की हा भाग धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. बोईंगच्या रेंटन कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो काढला गेला होता, पण काढल्याची नोंद झाली नाही, आणि नोंद नाही म्हणून परत बसवल्यावर तपासणीही झाली नाही. डग्लसच्या एकोणतिसाव्या विमानावर न झालेल्या कामाचे शिक्के होते. इथे झालेल्या कामाचा कागदच नव्हता.

त्या उड्डाणातला आणखी एक तपशील चौकशीत पुढे आला. हवेचा दाब घसरताच कॉकपिटचा दरवाजा धाडकन उघडला, सहवैमानिकाच्या कानांवरचा हेडसेट निघून गेला आणि तातडीच्या सूचनांचे कार्ड उडून गेले. दरवाजात बिघाड झाला असेल असे प्रथम वाटले. प्रत्यक्षात तो तसा उघडावा म्हणूनच बनवलेला होता. दोन कप्प्यांतला दाब समान व्हावा, हे पॅरिसनंतर सर्वांना पटलेले तत्त्वच त्यामागे होते. वैमानिकांना आणि केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना मात्र ते सांगितलेले नव्हते. हस्तपुस्तिकेत तशी भर घालू, असे बोईंगने त्यानंतर कळवले.